बोलण्याचा आणि नेसण्याचा आब

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली रील्स मी सगळी पाहिली आणि त्यांसोबतचा तुझा प्रश्नही वाचला. शिवी काढून टाकली की बघणारे घटतात आणि शिवी ठेवली की आई बोलत नाही, मग करावे काय, असे तू विचारतोस. त्याच पत्रात बहिणीचेही गाऱ्हाणे आहे, की ती जीन्स घालून कॉलेजला निघाली की गल्लीतले कोणीतरी घरी येऊन वडिलांना बोल लावून जाते. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे असे मला वाटते, म्हणून उत्तरही एकत्रच लिहिते.

नाटक-सिनेमाने तरुण पिढी बिघडली, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती मी तुझ्यापुढे करणार नाही. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नावाच्या नाटक मंडळीत १९०५ साली दाखल झालेल्या बालगंधर्वांनी रंगमंचावर ज्या तऱ्हेने साडी नेसली, अंबाड्यावर गजरा माळला आणि दागिने घातले, तीच तऱ्हा पुढे घरंदाज स्त्रियांनी उचलली. एका पुरुष नटाकडे पाहून बायकांनी पदर घेण्याची ढब शिकावी, यात त्या काळच्या पुष्कळांना काही वावगे वाटले नाही. त्या स्त्रियांनी जे घेतले ते त्यांच्या माजघरात, देवळात, हळदीकुंकवात शोभणारे होते. आपल्या घराला आणि प्रसंगाला काय साजेल हे त्यांनी स्वतः पारखून घेतले. अनुकरणात दोष नसतो, पण ही पारख सुटली की माणूस दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडाने बोलू लागतो.

आज ती पारख करायला सवडच मिळत नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केली. माणूस किती वेळ थांबला, त्याने पुन्हा पाहिले का, दुसऱ्याला पाठवले का, अशा खुणांवरून कोणाला काय दाखवायचे ते ठरते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत धक्का देणाऱ्याचे फावते आणि शिवी हा सर्वांत स्वस्त धक्का आहे. वेब सिरीजवर २०२१ च्या नियमांनुसार १३+, १६+ किंवा केवळ प्रौढांसाठी अशी वयाची पाटी लावावी लागते, हे खरे; पण तिच्यातला शिवीगाळीचा एक तुकडा कापून फोनवर फिरू लागला की ती पाटी मागेच राहते आणि तो तुकडा पाचवीतल्या मुलाच्याही हाती पडतो. सिरीजमधला गुंड ज्या गोष्टीच्या ओघात तसा बोलतो, ती गोष्टही त्या तुकड्यात नसते. उरतो तो फक्त त्याचा रुबाब.

आता तुझ्या गणपत गल्लीतल्या रीलविषयी. रताळी विकणाऱ्या एका आजीपुढे तू फोन धरलास, पडद्यावरल्या कोणा दादाच्या आवाजात तिला 'काय गं म्हातारे' म्हणालास आणि भाव पाडून मागितलास. सगळ्यांनी तुझ्या आवाजाचे कौतुक केले. मी ते रील थांबवून तिच्याकडे पाहिले. फोन दिसताच तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, हातातले रताळे खाली ठेवले आणि ती हसली. ते हसू गिऱ्हाईक तुटू नये म्हणून होते. अरे, घरी तू कोणत्याही म्हाताऱ्या बाईला आज्जी म्हणतोस, कन्नड बोलताना वाक्यागणिक आदराचे 'री' लावतोस, मग त्या एका क्षणी ती सवय गेली कुठे? तुझे बोलणे तिच्यासाठी नव्हतेच. ते फोनपलीकडच्या, तुला न दिसणाऱ्या लोकांसाठी होते आणि ती बिचारी मध्ये सापडली. बोलण्यातला आब म्हणजे मला एवढेच अभिप्रेत आहे, की जो माणूस समोर आहे त्याच्याशीच आपण बोलत असावे. मित्राच्या पाठीवर थाप मारून तू एखादा शब्द वापरलास तर त्याची मला फिकीर नाही, पण ज्याला उलटून बोलण्याची सोय नाही त्याच्यावर चारचौघांत शब्द फेकणे ही असभ्यता आहे, मग त्यात एकही शिवी नसली तरी.

पेहरावाचेही माप मी याच अंगाने घेते. खानापूरकडे भाताच्या लावणीला उतरलेल्या बायका काष्टा गुडघ्यापर्यंत खोचून, चिखलात पोटऱ्या बुडवून दिवसभर वाकलेल्या असतात आणि त्यांच्याकडे पाहून कोणाच्या मनात शालीनतेचा प्रश्न येत नाही. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले तेव्हा त्यांच्या अंगावर सदरा नव्हता. गरिबाला पुरेसे वस्त्र मिळत नाही म्हणून १९२१ सालीच त्यांनी तो सोडला होता. म्हणून किती अंग झाकले यावर सभ्यता मोजणाऱ्यांशी माझे जमत नाही. काम कोणते, प्रसंग कोणता आणि हा वेष आपण कोणासाठी घातला आहे, हे ज्याला सांगता येते त्याचा पेहराव सभ्य असतो. तुझी बहीण बसच्या गर्दीतून रोज कॉलेज गाठते, तिला जीन्स सोयीची पडते, विषय संपला. गल्लीतली जी मुले तिच्या कपड्यांवर बोलतात तीच व्यायामशाळेतले उघड्या अंगाचे फोटो टाकतात आणि वाढदिवसाला चौकात स्वतःचा फलक लावतात, याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. मुलीच्या ओढणीवर सगळ्या घराची अब्रू टांगायची आणि मुलाच्या बढाईला मर्दानगी म्हणायचे, हा अन्याय मला आयुष्यभर सलत आला आहे. मर्तिकाच्या घरी जाताना भडक अक्षरांचा टी-शर्ट घालू नये, हे मात्र मी तुलाही सांगेन आणि तिलाही. खडेबाजारात घेतलेल्या टी-शर्टवर इंग्रजीत काय छापले आहे तेही एकदा वाचून पाहत जा.

आपण सीमेवर राहतो, म्हणून आणखी एक गोष्ट बजावून सांगते. १ नोव्हेंबर जवळ आला की इथे एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस असतो, आणि त्या आठवड्यात परभाषेला हिणवणाऱ्या रीलला हवे तेवढे प्रेक्षक मिळतात. महाराष्ट्रात जाण्याची आपली मागणी ताठ मानेने मांडावी, मीही मांडत आले आहे. पण शेजारच्या घरातल्या कन्नड मुलाच्या आईवरून बोललास तर ते बोलणे तुझ्या एकट्याचे राहत नाही, सबंध मराठी वस्तीच्या माथी लागते.

तेव्हा गणपत गल्लीचे ते रील आजच काढून टाक आणि आजीला जाऊन भेट. माफीचेही चित्रीकरण करू नकोस. बघणारे काही दिवस घटतील, ते सोसावे लागेल. वडगावातल्या विणकर कुटुंबाकडे मी तुझ्यासाठी विचारून ठेवले आहे. माग चालू असताना चित्रीकरण करायला त्यांची हरकत नाही, पण सुनेला चेहरा दाखवायचा नाही, म्हणून तिचे फक्त हात आणि कापड घे. यंत्रमागाचा आवाज फार असतो, त्यामुळे बोलणे बाहेर अंगणात रेकॉर्ड करावे लागेल. रविवारी सकाळी ये, बहिणीलाही घेऊन ये; तिला जे घालून यावेसे वाटेल ते घालून येऊ दे.

तुझ्या शाळेतल्या बाई