दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मधला दाब किती असावा?

प्रश्न : मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभालीचे काम करतो आणि पदविकेचा अभ्यासही करतो. हवा 1 बारपासून 9 बारपर्यंत दोन टप्प्यांत दाबायची, सुरुवातीचे तापमान 300 केल्विन, दाब आणि आकारमान यांच्या संबंधातील घातांक 1.3 आणि दोन टप्प्यांच्या मध्ये पूर्ण शीतन (हवा पुन्हा सुरुवातीच्या तापमानाला आणणे), असे उदाहरण आहे. मी मधला दाब सरासरीने 5 बार धरला, तेव्हा काम किलोग्रॅममागे 222 किलोज्यूल आले. छापील उत्तर 215 आहे. असे का?

उत्तर : आपली आकडेमोड अचूक आहे, निवड तेवढी बदलायला हवी. टप्प्याला लागणारे काम दाबांच्या फरकावर नव्हे, तर गुणोत्तरावर ठरते. 5 बार धरल्याने पहिल्या टप्प्याचे गुणोत्तर 5 आणि दुसऱ्याचे 1.8 झाले. पूर्ण शीतन असताना एकूण काम किमान होते ते दोन्ही गुणोत्तरे समान असताना, म्हणून मधला दाब भूमितीमध्य (दोन्ही दाबांच्या गुणाकाराचे वर्गमूळ), म्हणजे 3 बार घ्यावा. मग प्रत्येक टप्प्याला 107.7 किलोज्यूल लागतात. हेच काम एका टप्प्यात केल्यास 246 लागले असते.

पूर्ण शीतन म्हणजे पहिल्या टप्प्यातून सुमारे 387 केल्विनला निघालेली हवा इंटरकूलरमध्ये, म्हणजे दोन टप्प्यांमधल्या शीतकात, पुन्हा 300 केल्विनवर येणे. इंटरकूलरवर धूळ आणि तेलाचा थर बसून ती 320 केल्विनलाच दुसऱ्या सिलिंडरमध्ये शिरली, तर त्या टप्प्याचे काम त्याच प्रमाणात वाढते आणि बेरीज पुन्हा 222 वर जाते. मधला दाब ज्यांवर ठरतो ते सिलिंडरांचे आकार यंत्र बनवणाऱ्याकडूनच ठरून आलेले असतात, परंतु इंटरकूलरची स्वच्छता आपल्या हाती आहे, म्हणून देखभाल करणाऱ्याने त्यातून निघणाऱ्या हवेचे तापमान नियमितपणे नोंदवावे, असा माझा आग्रह आहे.

आणखी एक खबरदारी घ्यावी. सूत्रात निरपेक्ष दाबच, म्हणजे मापकावरचा दाब अधिक वातावरणाचा दाब, घालायचा असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने इथला वातावरणीय दाब 0.94 बारच्या आसपास असतो. त्यामुळे मापकावर 8 बार दिसत असताना एकूण गुणोत्तर 8.94 भागिले 0.94, म्हणजे 9.5 होते आणि प्रत्येक टप्प्याचे 3.08. समान गुणोत्तरांच्या यंत्रात मधल्या मापकाने तेव्हा सुमारे 2 बार दाखवावेत. काटा त्याहून बराच वर राहत असेल, तर दुसऱ्या टप्प्याच्या झडपा गळत आहेत का, हे आधी तपासावे.