बहात्तर हजारांचं पॅकेज आणि दोन लाखांची एफडी

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन बॅक लागलेत, 'पुस्तक उघडलं की डोकं बंद होतं' म्हणते. एक केंद्र ४० सत्रांच्या 'ब्रेन ट्रेनिंग'चे ७२,००० रुपये आगाऊ मागतंय. दुसरीकडे एक मानसशास्त्रज्ञ सत्राला १,२०० घेतात. तीन वर्षांची २ लाखांची एफडी ७ टक्क्यांवर आहे, मुदतीला ९ महिने उरलेत. मोडू का?

ताई, मोडू नका. आणि ७२,००० तर मुळीच भरू नका.

कामं लावणं, मन आवरणं, चार गोष्टी डोक्यात धरणं, बेत फसला तर बदलणं, याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. थकव्यात नेमकं हेच ढासळतं. ब्रेन ट्रेनिंगमधले स्क्रीनवरचे खेळ खेळून त्या खेळातला स्कोअर वाढतो. तो फायदा अभ्यासात उतरेल याचा भरवसा नाही. शिवाय ४० तारखा पाळायला जी क्षमता लागते, तीच तर तिच्याकडे आत्ता नाही. परीक्षा आली की सत्रं बुडतात आणि आगाऊ पैसे परत मागताना नाकी नऊ येतात.

आधी सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप बघा. नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारी अवस्था) नाही ना, हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासा. मग सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, साधारण ८ ते १२ सत्रं, दर सत्राला पैसे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते आधी विचारा. खरं काम घरच्या वहीत होतं. 'सिग्नल्सचा विषय करायचाय' असं लिहून भागत नाही. 'मंगळवारी ५ ते ५.२५, युनिट २ चे तीन प्रश्न, मोबाईल आईजवळ' असं लिहावं लागतं. वही कोरी राहिली तर सत्रं नुसत्या गप्पा होतात.

हिशेब असा: १२ सत्रांचे १४,४००, तपासण्या-जाण्यायेण्याला ५,०००. म्हणजे २०,००० धरा. एफडी मोडली तर झालेल्या मुदतीचा दर लागतो, त्यातून दंड. समजा ७ ऐवजी ५.७५ टक्के मिळाले, तर २७ महिन्यांत सरळव्याजाने सुमारे ५,६०० गेले. त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. दर बहुधा एफडीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो; ८ टक्क्यांनी २०,००० चे ९ महिन्यांचं व्याज १,२००. सत्रागणिक उचललेत तर त्याहून कमी, आणि एफडी आपली चालूच.

विम्यावर विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण दिलंय, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचे नाही. त्यात बर्नआउट, म्हणजे सततच्या ताणाने आलेला थकवा, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आजार म्हणून नाहीच.

सहाव्या सत्रानंतर वही उघडा. ठरवलेल्यातलं निम्मंही होत नसेल, तर सातव्याचे पैसे देण्याआधी पद्धत बदलायची का, हे तज्ज्ञांना विचारा. आणि मुलगी जगणं नको असं बोलली, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही उचलला जातो, फुकट आहे.