2024 मध्ये ओहायो स्टेटचा बलाढ्य संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून का हरला?

तुम्ही विचारलंय की, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ त्या वर्षी पाच सामने आधीच हरलेल्या मिशिगन विद्यापीठाकडून 13-10 असा कसा हरला, आणि तोही आपल्याच कोलंबस शहरात, लाखाहून जास्त घरच्या प्रेक्षकांसमोर. सट्टेबाजांनी तर ओहायो स्टेट सुमारे 20 गुणांनी जिंकेल असं धरलं होतं.

कोलंबसमध्ये राहून हा संघ जीव लावून पाहणाऱ्याचं हे उत्तर आहे, पण मुद्दा भावनेचा नाही. 30 नोव्हेंबर 2024 ला ओहायो स्टेटने स्वतःचा खेळ सोडला आणि मिशिगनला हवा तसा खेळ खेळला.

अमेरिकन फुटबॉलची सवय नसेल तर थोडं सांगतो. चार प्रयत्नांत, म्हणजे चार 'डाउन'मध्ये, 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यासाठी एक तर बॉल पोटाशी धरून धावायचं किंवा क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, तो लांब फेकायचा, आणि रिसीव्हरने तो झेलायचा. धावायचं असेल तर आपल्या लाइनला, म्हणजे पुढे उभ्या राहणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या रांगेला, समोरच्या दांडग्या खेळाडूंच्या भिंतीत फट पाडावी लागते. ती भिंत सगळ्यात मजबूत असते मध्यभागी, आणि मिशिगनच्या मध्यभागी उभे होते मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. पुढच्याच वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एक पाचव्या आणि दुसरा तेराव्या क्रमांकावर निवडला गेला, यावरून त्यांची ताकद लक्षात यावी.

आता ओहायो स्टेटची लाइन बघा. लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, म्हणजे डावा टॅकल, जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता. सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनचा घोट्यामागचा स्नायुबंध नोव्हेंबरमध्ये सरावात फाटला. सेंटर म्हणजे बॉल मागे देऊन लगेच ग्रॅहमसारख्याला छातीवर घेणारा माणूस. त्याच्या जागी कार्सन हिन्झमन आला आणि बाकीची लाइनही इकडची तिकडे करावी लागली. म्हणजे मिशिगन जिथे सगळ्यात भक्कम, नेमके तिथेच आपण सगळ्यात कच्चे.

दुसरीकडे मिशिगनचा उत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरांना अडवणारा बचावपटू, विल जॉन्सन जखमी होता. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ, एमेका एगबुका आणि कार्नेल टेट असे रिसीव्हर होते, ज्यांना एकट्याने अडवणारा बचावपटू शोधून सापडला नसता. लेग साइड मोकळी असताना फलंदाजाने भरलेल्या ऑफ साइडलाच फटके मारत राहावं, तसं झालं. पहिल्या डाउनला मध्यातून धाव, एक-दोन यार्ड. पुन्हा धाव, पुन्हा तेच. मग तिसऱ्या डाउनला सगळ्या मैदानाला ठाऊक की आता पास येणार. दिवसभरात 26 वेळा धावून हातात आले 77 यार्ड. उत्तरार्धात तर एकही गुण नाही, शून्य.

हा हट्ट आला कुठून? 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षं मिशिगनने ओहायो स्टेटला हरवलं होतं, आणि त्यातल्या पहिल्या दोनदा तर अक्षरशः चिरडून. तेव्हापासून 'ओहायो स्टेट मऊ आहे, अंगाला अंग भिडलं की मागे सरते' हा शिक्का बसला. प्रशिक्षक रायन डे यांच्या तो फार जिव्हारी लागला असणार, असं मला वाटतं. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या इवल्याशा पँटचं लटकन मिळतं. ही प्रथा 1934 पासूनची. जॅक सॉयर, एगबुका, ट्रेव्हेयॉन हेंडरसन ही 2021 ची बॅच त्यावाचूनच राहिली होती आणि एनएफएलची वाट लांबवून शेवटच्या संधीसाठी परत आली होती. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. त्यावरून इथल्या ईर्ष्येची कल्पना येईल. अशा वातावरणात माणूस इरेला पेटतो. नुसतं जिंकायचं नाही, त्यांच्याच पद्धतीने दाबून जिंकून दाखवायचं!

मिशिगनचं आक्रमण मात्र दुबळं होतं. त्यांच्या क्वार्टरबॅकने, डेव्हिस वॉरनने, अख्ख्या सामन्यात 62 यार्डांचे पास टाकले आणि दोनदा बॉल ओहायो स्टेटच्या हातात दिला. त्यातला एक तर सॉयरने गोलरेषेपाशी पकडला. आपल्या डिफेन्सने याहून जास्त काय करायला हवं होतं? ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याचेही दोन पास मिशिगनने मधेच पकडले. पहिला आमिर हॉलने गोलरेषेजवळ आणून ठेवला आणि मिशिगनचा एकमेव टचडाउन, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण, तिथूनच आला. आपला किकर जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किक, हुकले, दोन्ही 40 यार्डांच्या आतले. हरलो तीन गुणांनी, आणि एक फील्ड गोल तीन गुणांचा असतो. म्हणून बरेच जण सगळं खापर त्या किकरवर फोडतात. मला ते पटत नाही. 20 गुणांनी सरस असलेल्या संघाला किकरच्या पायावर अवलंबून राहावं लागलं, तिथेच काहीतरी बिनसलं होतं.

शेवटही मिशिगनने आपल्या पद्धतीने केला. तिसरा डाउन, सहा यार्ड हवेत, आणि त्यांचा कॅलेल मलिंग्ज बॉल घेऊन सगळ्यांना झटकत 27 यार्ड धावला. मग 45 सेकंद उरलेले असताना डॉमिनिक झ्वाडाने जवळून किक मारली आणि निकाल लागला.

माझं म्हणणं खरं कशावरून? पुढचे सामने बघा. तीनच आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध याच लाइनने, याच क्वार्टरबॅकने सुरुवातीपासून बॉल लांब फेकला आणि सामना 42-17 ने जिंकला. रोझ बोल या बाद फेरीच्या सामन्यात ऑरेगनवर एका वेळी 34-0 आघाडी होती, स्मिथचे एकट्याचे 187 यार्ड. जानेवारी 2025 मध्ये नोत्र दामला हरवून हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला. खेळाडू तेच होते, दुखापती त्याच होत्या. नोव्हेंबरमध्ये फक्त रिसीव्हरांच्या दिशेने बॉल जास्त गेला असता, तर त्या 2021 च्या बॅचलाही सोन्याची पँट मिळाली असती, असं मला आजही ठामपणे वाटतं.