२००८ नंतर उडणं सुटलं. आता अमेरिकेत पुन्हा सेसना १७२ उडवायचं तर सुरुवात कुठून करू?

तुमची माहिती अशी: प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट २००१ चं, शेवटचं मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) २००७ चं, शेवटचं उड्डाण २००८ मध्ये, वय आता पन्नाशीपुढे. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल का, हा प्रश्न. नाही लागणार. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, सर्टिफिकेट संपत नाही, त्याचा वापर करायचा हक्क तेवढा झोपलेला असतो. फक्त तुमच्याकडचं कार्ड जुनं कागदी असेल तर ते ३१ मार्च २०१० नंतर चालत नाही. एफएएच्या साइटवरून प्लास्टिकचं मागवून घ्या. पत्ता बदलला असेल तर तोही तिथेच कळवा.

इन्स्ट्रक्टरला फोन करण्याआधी मेडिकलचं ठरवा, कारण इथली चूक महागात पडते. तुमचं मेडिकल १४ जुलै २००६ नंतरच्या काळात वैध होतं, म्हणजे बेसिकमेडचा, मेडिकलऐवजी चालणारा सोपा, रस्ता उघडा आहे: राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरकडून एफएएच्या चेकलिस्टप्रमाणे तपासणी दर ४८ महिन्यांनी, ऑनलाइन कोर्स दर २४ महिन्यांनी, आणि चालू ड्रायव्हिंग लायसन्स. पण आधी थर्ड क्लास मेडिकलचा (खासगी वैमानिकाचं नेहमीचं मेडिकल) अर्ज केलात आणि तो नाकारला गेला, तर बेसिकमेडही बंद होतं. मधल्या वर्षांत हृदयाचं, मेंदूचं किंवा गंभीर मानसिक आजाराचं काही निघालं असेल तर कोणताही फॉर्म भरण्याआधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी नुसता सल्ला घ्या, तपासणीला बसू नका.

मग फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी. नियमाने किमान १ तास जमिनीवर, १ तास हवेत. इतक्या खंडानंतर एवढ्यात होत नाही. खंडाच्या दर वर्षामागे एक तास हा जुना आडाखा आहे. मला तो जरा जास्त वाटतो, पण ८ ते १२ तासांचे पैसे बाजूला काढून ठेवा. यात नापास असा शेरा नसतो. समाधान झालं नाही तर इन्स्ट्रक्टर सही करत नाही, ते तास शिकवणीचे म्हणून लॉगबुकात जातात.

हात लवकर परततात, डोकं उशिरा. रेडिओवर आता ‘पोझिशन अँड होल्ड’ नाही, २०१० पासून ‘लाइन अप अँड वेट’ (रनवेवर जाऊन थांबा). त्याच वर्षापासून टॅक्सी करताना वाटेतला प्रत्येक रनवे ओलांडायला वेगळी परवानगी लागते. जुन्या सवयीने सरळ निघालात तर रनवेवर घुसखोरी. १ जानेवारी २०२० पासून क्लास बी आणि सी मध्ये (गजबजलेल्या विमानतळांभोवतीची नियंत्रित हवाई हद्द), तसंच मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या मोड सी वर्तुळात, एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) लागतं. हे सगळं घरी वाचा, इंजिन चालू ठेवून शिकू नका.

शिकलात त्याच प्रकारच्या पॅनेलवर सुरुवात करा. गोल घड्याळांवर शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी जी१००० च्या डिजिटल पडद्यांसमोर बसला की नजर आतच अडकते आणि बाहेरचं क्षितिज सुटतं.

खरी गंजलेली गोष्ट म्हणजे लँडिंग. बहुतेकांचा फायनलवरचा (रनवेच्या रेषेत उतरतानाचा) वेग जास्त असतो, भीतीपोटी. १७२एस मध्ये पूर्ण फ्लॅप्सना ६० ते ७० नॉट्स पुरतात. ७५ ने आलात की विमान रनवेवर तरंगत राहतं, धीर सुटतो आणि जबरदस्तीने खाली बसवलं जातं. मग नोजव्हील आधी टेकतं, उसळी येते, ती दाबायला योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकललं की दुसरी उसळी पहिलीपेक्षा वाईट. अशा वेळी एकच उपाय, गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं): थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप्स लगेच २० अंशांवर, वेग ६० नॉट्स, अडथळे पार होईपर्यंत फ्लॅप्स १० अंश, मग सुरक्षित उंचीवर शून्य. फ्लॅप्स एकदम वर घेतलेत तर विमान खाली बसतं. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) फार वर होत असेल तर नजर नाकाजवळ आहे. ती रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे न्या. टेकऑफला विमान डावीकडे ओढतंय? उजवा पाय आळशी झालाय, बस्स.

पहिल्या तीन उड्डाणांत इन्स्ट्रक्टरकडे फक्त स्लो फ्लाइट, स्टॉल आणि ट्रिमचा सराव मागा. पॅटर्नमध्ये (लँडिंगच्या सरावासाठी विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांत) नंतर जा, वारा आडवा ५ नॉट्सच्या आत असेल त्या सकाळी.

सही मिळाली तरी प्रवासी न्यायला मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग हवीत. रात्री न्यायचं तर ती सूर्यास्तानंतर १ तास ते सूर्योदयाआधी १ तास या वेळेतली, प्रत्येक वेळी पूर्ण थांबून. आणि वजनाचा हिशेब नव्याने मांडा. २००८ मधलं तुमचं वजन धरू नका. १७२एस चं वापरता येणारं ५३ गॅलन पेट्रोल, गॅलनला ६ पौंड धरून, ३१८ पौंडांचं होतं. चार मोठी माणसं बसवून टाक्या भरता येत नाहीत.