औषधाच्या नावावरून क्लेम नाकारता येतो का?

ऐरोलीहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे:

"मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सतत अंग दुखण्याचा आजार, आहे. ठाण्यातले संधिवाततज्ज्ञ दोन वर्षांपासून रोज साडेचार मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन देतात. बाजारात गोळी ५० मिलिग्रॅमचीच मिळते, म्हणून ओळखीचा केमिस्ट पुड्या बांधून देतो. मार्चमध्ये पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञांनी केस पेपरवर या औषधाचं नाव लिहिलं. कंपनीने आधी कॅशलेस आणि मग १ लाख ४० हजारांचा क्लेमही नाकारला. कारण दिलं, 'मद्यपान व व्यसनाधीनतेवरील उपचार'. मी आयुष्यात दारू चाखलेली नाही, आणि ते पत्र नेमकं सासऱ्यांच्या हाती पडलं. पॉलिसी चार वर्षं सलग चालू आहे. केमिस्ट म्हणतो, डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी करून घ्या, त्यात हे नाव नको. हे डॉक्टर काही बेकायदा तर करत नाहीत ना? नणंद अमेरिकेहून तयार कॅप्सूल आणते म्हणते, ते चालेल का?"

ताई, केमिस्टचा तो सल्ला आधी मनातून काढून टाका. मूळ केस पेपर हॉस्पिटलच्या रेकॉर्डला आहे, त्याची प्रत टीपीएकडे, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, गेली आहे. आता दुसरी चिठ्ठी पुढे आली तर आज साफ चुकीचा असलेला नकार उद्या बरोबर ठरेल. वर खोटा कागद केल्याचा ठपका तुमच्यावर आणि डॉक्टरांवरही. भूलतज्ज्ञांवर राग धरू नका. नाल्ट्रेक्सोन पोटात असताना मॉर्फीन, ट्रॅमाडॉल अशा वेदनाशामकांचा परिणाम अडतो. भूल देणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं आणि कागदावर यायलाच हवं.

कंपनीची गल्लत कुठून झाली ते सरळ दिसतं. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९८४ साली मान्यता मिळाली ती अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवण्यासाठी, पुढे दारूसाठीही. आपल्याकडेही ५० मिलिग्रॅमची गोळी व्यसनमुक्तीचीच म्हणून ओळखली जाते. क्लेम तपासणाऱ्याने नाव वाचलं आणि रोग ठरवून टाकला. पण पॉलिसीतलं ते कलम व्यसनावरचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम वगळतं, एखादं औषध वगळत नाही. मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसात कॅन्सरवर देतात आणि आठवड्याला थोडंसं संधिवातावर. म्हणून संधिवाताच्या पेशंटला कोणी कॅन्सरचा पेशंट म्हणत नाही. शिवाय इथे क्लेम नाल्ट्रेक्सोनच्या बिलाचा नाहीच, खड्यांच्या ऑपरेशनचा आहे. व्यसन होतं आणि खडे त्यामुळेच झाले, हे दोन्ही कंपनीला दाखवावं लागेल. अपवादाचं कलम लावायचं तर ते सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवरच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या वेदिक रिसॉर्ट्स प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे.

कंपनी उद्या दुसरी वाट धरेल, 'आजार लपवला' ही. खड्यांसाठीचा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ तुमच्या बाबतीत संपला आहे. फायब्रोमायल्जियाचं निदान पॉलिसीनंतरचं असेल, तर प्रस्ताव अर्जात ते लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही: अंगदुखीसाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे कधी गेलात? पॉलिसीच्या आधीचे कागद असतील तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही. तुमचे ६० अजून व्हायचे आहेत.

आता डॉक्टरांकडून खरं पत्र घ्या. निदान काय, कधी झालं, औषध कोणत्या तारखेपासून, किती डोसात आणि कशासाठी, व्यसनाचा इतिहास नाही, बस. इंटरनेटवरच्या लेखांचा गठ्ठा जोडू नका. स्टॅनफर्डच्या ३१ स्त्रियांवरच्या छोट्या चाचणीत दुखणं कमी झालेलं दिसलं, तर डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांना ६ मिलिग्रॅम देऊन केलेल्या चाचणीत हे औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. औषध गुणकारी आहे की नाही हा तुमच्या क्लेमचा वादच नाही. तो तुम्ही होऊन कशाला ओढवून घ्यायचा?

डॉक्टर बेकायदा वागत नाहीत. मान्यता असलेलं औषध वेगळ्या आजारासाठी लिहून देण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. त्या वापराची जाहिरात करून कंपनीने ते विकणं ही गोष्ट वेगळी. मात्र हा वापर मान्यतेबाहेरचा आहे हे तुम्हाला समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे, आणि तसं सांगितल्याची नोंद त्यांच्या कागदात असावी. पुड्यांचं मला जास्त खटकतं. औषध दुकानात तयार करायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच, असं १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो. पन्नासाच्या गोळीतून साडेचार मिलिग्रॅम अंदाजाने निघत नाही. चिठ्ठीवर डोस, पुडीवर लेबल आणि हातात बिल, यातलं काही नसेल तर केमिस्ट बदला.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा: कोणतं कलम, व्यसनाचा पुरावा कोणता, आणि हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजूर केला होता का? विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीला अशा मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ईमेल करा आणि पोहोच जपा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही आणि वकिलालाही मज्जाव आहे. माझ्या धंद्याला बरं नाही, पण तुमच्यासारख्या स्वच्छ प्रकरणाला तीच जागा योग्य. सासऱ्यांसमोर झालेल्या मनस्तापाची भरपाई मात्र लोकपाल देणार नाहीत. ती हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही ठाणे जिल्ह्यात राहता, तेवढ्यावर इथे तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची. फी भरलेल्या हप्त्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत लागत नाही. आयोगात गेल्यावर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल. फक्त दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नणंदेचं म्हणाल, तर स्वतःच्या वापराचं औषध सामानात आणायची त्याच औषध नियमांतल्या नियम ३६ मध्ये सोय आहे, एका औषधाचे शंभर डोसपर्यंत. पण ते सामान प्रवाशाचं आणि वापरही त्याचाच, अशी त्यामागची कल्पना आहे. नणंदेच्या बॅगेत तुमच्या नावाचं औषध, हे कस्टम्सला समजावत बसावं लागेल. कुरिअरने मागवायचं तर आधी फॉर्म १२-ए भरून परवाना. इतका खटाटोप करण्यापेक्षा ठाण्यात नीट काम करणारा फार्मासिस्ट डॉक्टरांनाच विचारून शोधा.