‘४०० इन १’ विकले आणि नोटीस आली

प्रश्न : कोथरूडला माझं खेळण्यांचं दुकान आहे. रविवार पेठेतल्या होलसेलरकडून ‘४०० इन १’, म्हणजे एकाच यंत्रात ४०० गेम भरलेले, हातातले व्हिडिओ गेम आणून विकतो. आता एका वकिलाची नोटीस आली आहे : आतले गेम चोरीचे आहेत, सात दिवसांत तीन लाख द्या, सोबतच्या हमीपत्रावर सही करा. गेम मी टाकलेले नाहीत, ते आतच असतात. होलसेलरचं पक्कं बिल आहे. मी पैसे का द्यायचे?

उत्तर : लगेच देऊ नका. पण ‘गेम मी टाकलेच नाहीत’ या बचावावर फार विसंबू नका. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम ५१ प्रमाणे बेकायदा प्रत विकणं, इतकंच काय विक्रीला मांडणं, हेही उल्लंघनच. गेम जुने म्हणून मोकळे झाले, हाही गैरसमज. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम १९८५ चा असला तरी तो काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीचा हक्क अजून शाबूत आहे. खोक्यावर मारिओचं चित्र असेल तर ट्रेडमार्कचं लचांड वेगळंच.

कलम ५५ थोडा दिलासा देतं. स्वामित्वहक्क असल्याची कल्पना नव्हती आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलंत तर मनाई हुकूम आणि विक्रीतला नफा एवढ्यावरच भागतं. अर्थात, तो मिशीवाला मारिओ बेवारस वाटला, हे कोर्टात सांगताना तुमचीच जीभ अडखळेल.

खरी मेख नोटीस हातात पडल्याच्या तारखेत आहे. कलम ६३ चा गुन्हा ‘जाणूनबुजून’ केलेल्या उल्लंघनाचा. त्या तारखेनंतर एक जरी नग विकलात, तरी ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. शिवाय हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. म्हणून माल आजच काउंटरवरून काढा. फेकू नका, गुपचूप परतही पाठवू नका. मोजून, फोटो काढून, बांधून ठेवा.

हमीपत्रात ‘मी जाणूनबुजून विक्री केली’ अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते आधी शोधा. असेल तर सही म्हणजे कबुलीजबाब. उत्तर वकिलामार्फतच द्या आणि त्यात विचारा : अशील कोण, अधिकारपत्र कुठे, नेमके कोणते गेम, तीन लाखांचा हिशोब काय? धमकी निराधार निघाली तर कलम ६० खाली उलटा दावा तुम्हीच लावू शकता. पक्क्या बिलाचा उपयोग होलसेलरविरुद्ध : विकायचा हक्क नसलेला माल त्याने विकला, म्हणून वस्तूविक्री कायदा, १९३० प्रमाणे पैसे परत मागा.

जाता जाता खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. व्हिडिओ गेमना ही नोंदणी सक्तीची आहे. तो नसेल, तर आतले गेम अस्सल असते तरी हा माल विकता आला नसता.