सैन्यात जवानांना रोज खेळायला का लावतात? त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ अग्निवीर होऊन पलटणीत गेला आणि फोन लावला की आज व्हॉलीबॉल होता, उद्या बॉक्सिंग आहे, एवढंच सांगतो. पोराला सीमेवर पाठवलंय की जिमखान्यात, असा तुमचा प्रश्न. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, फक्त तिचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मी कागल तालुक्यातला. मराठा लाईट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो, आता कोल्हापुरात असतो.

पहिली गोष्ट, तो खेळ हौसेचा नसतो. सकाळी पीटी, दुपारी चारच्या सुमाराला गेम्स परेड. नावातच परेड आहे. हजेरी लागते, दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी रगडा, म्हणजे दम निघेपर्यंत शिक्षा, ठरलेली. आणि शरीर कमवायला म्हणाल, तर त्याला खेळाची गरज नाही. त्यासाठी पीटी आहे, बीपीईटी म्हणजे सैन्यातली शारीरिक चाचणी आहे. पूर्ण बोज्यासकट पाच किलोमीटर पळा, रस्सा चढा, नऊ फुटी खड्डा ओलांडा, झालं शरीर. खेळ असतो तो शेजारचा गडी कसा आहे हे कळायला.

आमच्या पलटणीत कंपन्यांमध्ये, म्हणजे पलटणीच्या तुकड्यांमध्ये, क्रॉस कंट्री व्हायची, रानातून लांब पळायची शर्यत. वेळ धरायची कंपनीच्या शेवटच्या माणसाची. पहिला कितीही लवकर पोचला तरी त्याला विचारतंय कोण? आमच्या कंपनीचा शेवटचा माणूस म्हणजे लंगरमधला, आमच्या भटारखान्यातला, साताऱ्याकडचा कुक. पोट सुटलेलं, गुडघे आत वळलेले. दोन महिने आम्ही त्याला पळवला. मी आणि एक परभणीचा पोरगा त्याच्या दोन्ही बाजूंना. चढाला आला की तो शिव्या द्यायचा, आधी आम्हाला, मग कंपनी कमांडरला, मग स्वतःच्या नशिबाला. परभणीकर कमरेचा टॉवेल सोडून एक टोक त्याच्या हातात द्यायचा आणि पुढे ओढायचा. स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो. पण त्या दोन महिन्यांत एक कळलं. कुक शिव्या देतोय तोवर त्याच्यात दम असतो, गप्प झाला की तो खाली बसणार. परभणीकराचं उलटं, तो कधीच सांगत नाही, ओठ पांढरे पडले की ओळखायचं. पुढे आम्ही उंचावरच्या पोस्टवर गेलो, तिथे गस्तीला निघताना कुणाच्या मागे कुणाला ठेवायचं हे कागदावर बघावं लागलं नाही.

कोल्हापुरात राहत असाल तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ही फुटबॉल मॅच बघितली असेलच. अख्खी पेठ कशी एका अंगाने ओरडते! पलटणीत इंटर कंपनीच्या फायनलला तसंच असतं, फरक एवढाच की आपल्याकडे मॅच संपली तरी भांडण संपत नाही, तिथे रात्री एकाच लंगरमध्ये जेवायचं असतं.

मी स्वतः तालमीतला गडी. गावच्या तालमीत माती उकरत वाढलो, खासबागेत दोनदा कुस्ती धरली, एक मारली, एक खाल्ली. भरतीत त्याचा उपयोग झाला, कारण सोळाशे मीटर पळायचा आणि बीमचा, म्हणजे पुल-अप्सचा, धाक नव्हता. पण खरं सांगू का, माझं भलं कुस्तीने झालं त्यापेक्षा व्हॉलीबॉलने जास्त झालं, आणि व्हॉलीबॉल मला अजिबात येत नव्हतं. कुस्तीत आपण एकटे. जिंकलो तरी आपण, हरलो तरी आपण. व्हॉलीबॉलमध्ये माझ्या हातून पाचवा बॉल नेटमध्ये गेला तेव्हा अकॅडमीतून नुकताच आलेला लेफ्टनंट साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "पहलवान, बॉल को पटकना नहीं है." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या सर्व्हिसला साहेबाचाच बॉल बाहेर गेला, तेव्हा मी तोच डायलॉग परत मारला. परेड ग्राउंडवर हे बोललो असतो तर माझं काय झालं असतं ते भावाला विचारा.

पोस्टवर बर्फाने वाट बंद झाली की कॅरम. पावडर संपली की अंगाला लावायची टाल्कम. चार माणसं, एक बुखारी म्हणजे शेगडी आणि एकच कॅरम, त्यात दोघांचं पटत नसेल तर ते बोर्डवरच निघतं आणि बाहेर निघत नाही. त्या पोस्टवर राहिलेल्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मेडलचं. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट 2001 ला सुरू झाली ती ऑलिंपिक डोळ्यासमोर ठेवूनच. बेळगावात आमच्या रेजिमेंटल सेंटरला बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथे लहान पोरांना कुस्तीसाठी घेतात, शाळाही तिथेच. पण मला जास्त पटतो तो दुसरा रस्ता. बीडचा अविनाश साबळे. बारावी करून महार रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून लागला, सियाचीन केलं, राजस्थान केलं, आणि पलटणीच्या क्रॉस कंट्रीतूनच पुढे आला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंद धावून केनियाच्या गड्यांमध्ये घुसून रौप्य आणलं. गेम्स परेड नसती तर हा माणूस कुणाला सापडला असता?

आणि आपल्या शेजारचे, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पोहायला लावलं आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. जखमी जवानाला खेळ कशाला, असं कुणी विचारलं तर मी हे एकच नाव सांगतो.

सगळं गोड नाही, तेही लिहितो. बटालियनच्या टीममध्ये पोरगा गेला की त्याची गार्ड ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात पडते, त्याला दूध-अंडी जास्त, आणि पहाऱ्यावर रात्री दोनला उभा असलेला त्याच्या नावाने बोटं मोडतो. मीही मोडलीत. शिवाय काही साहेबांना ट्रॉफीचं वेडच असतं. माझा उजवा गुडघा बास्केटबॉलमध्ये गेला. फायनल तीन दिवसांवर होती, म्हणून क्रेप बँडेज बांधून मला खेळवलं. त्याची किंमत मी अजून जिना उतरताना मोजतो, आणि लो मेडिकल कॅटेगरीमुळे, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली लागल्यामुळे, एक प्रमोशन मागे पडलं ते वेगळंच.

म्हणून भावाला एवढं सांगा. अधिकृत खेळात लागलं तर ती दुखापत ड्यूटीवरची धरली जाते, पण कागद पाहिजे. त्याच दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचं, इंज्युरी रिपोर्ट भरून घ्यायचा, आणि त्याची एक झेरॉक्स ट्रंकेत नाही, घरी पाठवायची. माझी ट्रंकेत होती, ती पावसात भिजली.